ओसरी सोडून माजघरात

दिवाळीनंतर माझ्या भाचीची एका कंपनीत मुलाखत झाली. ऑफिस नागपुरात, परसोडीच्या आयटी पार्ककडे. तांत्रिक फेरी पार पडली, पगाराचं बोलणं झालं, आणि उठता उठता एचआरच्या माणसाने सहज विचारल्यासारखं विचारलं, "इन्स्टा आहे ना? जरा उघडून द्या. फक्त पाहायचं आहे." तिने फोन उघडला आणि टेबलावरून पुढे सरकवला. खातं खाजगी, म्हणजे तिने स्वतः निवडलेल्या दोन-अडीचशे माणसांपुरतं. तो अंगठ्याने फोटो वर सरकवत राहिला आणि एका फोटोवर थांबला. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ती मैत्रिणीबरोबर दीक्षाभूमीवर पाणी वाटायला गेली होती, दोघी पांढऱ्या साड्यांत. "तुमच्याकडचंच का हे?" ती म्हणाली, मैत्रिणीबरोबर गेले होते. त्याने मान हलवली, फोटोंवरून मेसेजवर गेला आणि सगळ्यात वरचा मेसेज उघडला. तो त्याच मैत्रिणीचा होता. सासरी काय चाललंय ते तिने आदल्या रात्री सविस्तर लिहिलं होतं. त्या ओळींवरून त्याचे डोळे फिरताना माझी भाची समोर बसून बघत होती. पाच-सहा मिनिटांनी फोन परत आला. नोकरी लागली. तिने ती घेतली. मैत्रिणीला मात्र तिने अजून सांगितलेलं नाही.

ही गोष्ट मी ओळखीच्या चार घरांत सांगितली आणि चारही घरांत तेच दोन सूर ऐकले. एक म्हणजे, "लपवण्यासारखं काही नसेल तर दाखवायला काय जाते जी? कंपनी पगार देऊन राहिली, पाहूनच घेईल ना." दुसरा तेवढ्याच चढ्या आवाजात: ही हुकूमशाही आहे, आमच्या खात्यावर आम्ही काहीही टाकू, कुणी काहीच पाहता कामा नये. त्याच सुमारास एका शाळेतल्या पालकसभेला मी शेजारच्या मुलीची आजी आजारी म्हणून तिच्या आईसोबत गेले होते. नववीच्या वर्गात कुणीतरी एका शिक्षिकेची टिंगल करणारं बनावट खातं काढलं होतं. शाळेने वर्गातल्या सगळ्या पालकांना कळवलं होतं की मुलांचे फोन घेऊन या आणि वर्गशिक्षकांसमोर खाती उघडून दाखवा. तिथेही तेच. निम्मे पालक म्हणत होते, आमच्या पोट्ट्यांनी काही केलंच नाही, पाहा खुशाल. निम्मे म्हणत होते, शाळेला अधिकारच काय. दीड तास सगळे त्या फोनांत काय असेल आणि काय नसेल यावर भांडत होते.

माझ्या मते हा वाद चुकीच्या टोकाने धरला गेलाय. फोनमध्ये काहीही असो. तो मागणारा कोण आहे, आणि ज्याच्याकडे मागितला त्याला "नाही" म्हणून बिनधास्त घरी जाता येतं का, यावर सगळं ठरायला हवं. नोकरी देणाऱ्यासमोर बसलेल्या उमेदवाराला आणि शाळेसमोर उभ्या असलेल्या मुलाला नाही म्हणता येत नाही. म्हणून पासवर्ड मागणं, समोर बसवून खातं उघडायला लावणं, "मला फॉलोअर म्हणून घे" असं सांगणं, खातं सार्वजनिक करायला भाग पाडणं, हे सगळं नोकरीत आणि शाळेत कायद्याने बंद व्हावं. आणि "त्यांनी स्वतःहून दिलं" ही सबब त्या कायद्यात चालू नये.

आधी दुसऱ्या सुराच्या लोकांशी बोलते, कारण त्यांच्या अतिशयोक्तीमुळे चांगली बाजू कमजोर होते. आपल्याकडच्या जुन्या घरांत ओसरी असायची आणि आत माजघर. वाटसरू, भाजीवाली, वसुलीला आलेला कारकून, सगळे ओसरीवर बसत. ओसरीवर जे बोललं जाई ते गावाने ऐकलं तर तक्रार करायची सोय नव्हती. सार्वजनिक खातं ही ओसरीच आहे. स्कूलबस चालवणाऱ्याने दारू पिऊन गाडी हाकल्याचा व्हिडिओ स्वतःच जगासाठी टाकला असेल, तर शाळेने तो पाहावा आणि त्याला कामावर ठेवू नये. एखाद्या शिक्षकाने उघडपणे एखाद्या समाजाविरुद्ध विष ओकलं असेल तर त्याच्या वर्गात त्या समाजाची मुलं कशी सुरक्षित राहतील, हे विचारणं संस्थेचं कामच आहे. कंपनीचा लॅपटॉप, कंपनीचा ईमेल हे कंपनीचंच. मुलांसोबत काम करणाऱ्यांची पोलीस पडताळणी व्हावी, आणि ती आजच्यापेक्षा काटेकोर व्हावी. हे सगळं मान्य. कारण यातलं काहीही मिळवायला माजघराची कडी काढावी लागत नाही.

माझे आजोबा गिरणीत होते. पाळी सुटली की गेटवर झडती व्हायची, डब्याचं झाकण उघडून दाखवावं लागायचं. त्यांना त्यात अपमान वाटायचा, पण मालकाचा माल मालकाच्या आवाराबाहेर जाऊ नये एवढा त्या झडतीचा हेतू होता आणि तिची हद्द गेट होती. गिरणीचा जॉबर, म्हणजे मुकादम, घरी येऊन आजीची ट्रंक उघडायला लागला असता तर? "चोरी केली नसेल तर ट्रंक उघडायला काय जातं," असं तो म्हणाला असता, तर आमच्या घरच्यांनी काय, आख्ख्या चाळीने त्याला जिन्यावरून खाली उतरवला असता. आज ट्रंक खिशात घालून माणूस कामावर जातो म्हणून गेटवाल्याचा हक्क वाढला का?

आता पहिला सूर. "लपवण्यासारखं काही नसेल तर" हे वाक्य आजचं नाही. खरक सिंह नावाच्या माणसाला दरोड्याच्या प्रकरणात पुराव्याअभावी सोडून दिलं गेलं होतं. तरी उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी त्याची हिस्टरी शीट, म्हणजे नजर ठेवायच्या माणसाची नोंद, उघडली, आणि मग रात्री-बेरात्री शिपाई त्याच्या दारावर थाप मारायचे, त्याला झोपेतून उठवून घरात शिरायचे. निर्दोष माणसाला दार उघडायला काय हरकत, हाच त्यामागचा हिशेब. १९६२ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या रात्रीच्या फेऱ्या घटनाबाह्य ठरवल्या. दार उघडल्यावर आत काही सापडलं की नाही, याची चौकशी न्यायालयाने केली नाही. त्याच निकालात बहुमताने असंही म्हटलं होतं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क नाही, आणि ते दुरुस्त व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावं लागलं. त्या दिवशी नऊ न्यायाधीशांनी एकमताने तो हक्क घटनेच्या २१व्या अनुच्छेदातच असल्याचं सांगितलं. त्या नऊ जणांत आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते, ज्यांनी इथल्याच उच्च न्यायालयाच्या खंडपीठात वकिली केली. हा विषय आपल्या शहराला परका नाही.

त्याहून जुनं नातंही आहे. नागपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती तेव्हाची गोष्ट. त्या प्रांतातून संविधान सभेत गेलेले काझी सय्यद करीमुद्दीन यांनी डिसेंबर १९४८ मध्ये एक दुरुस्ती मांडली: माणसाची, त्याच्या घराची, कागदपत्रांची आणि चीजवस्तूंची विनाकारण झडती घेता येऊ नये, हे घटनेत लिहा. डॉ. आंबेडकरांनी ती दुरुस्ती उपयुक्त मानून स्वीकारायची तयारी दाखवली होती. ती शेवटी मंजूर झाली नाही. १९४७ मध्ये मूलभूत हक्कांच्या उपसमितीने पत्रव्यवहाराच्या गुप्ततेचा हक्क मसुद्यात घातला होता, तोही गळला. "प्रायव्हसी हे अमेरिकेचं फॅड आहे, आपल्याकडे एकत्र कुटुंबात कुठे होती," असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं की आपल्याच मातीतली माणसं हे मागत होती. एकत्र कुटुंबाचं म्हणाल, तर सुनेचं माहेरचं पत्र सासऱ्याने फोडून वाचायची रीत अनेक घरांत होती हे खरं. पण ज्या सुनांची पत्रं फोडली गेली, त्यांना कधी कुणी विचारलं का, की ही आपली संस्कृती तुम्हाला आवडते का म्हणून? माझ्या आईने विचारल्याशिवाय सांगितलेली एकच गोष्ट आहे. लग्नानंतर पहिली दोन वर्षं ती पत्रात फक्त "सर्व कुशल" लिहायची.

पण सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे, आणि तो शिकली-सवरलेली माणसं घेतात. नोकरी हा करार आहे. कंपनीने अट घातली, उमेदवाराने मानली. नको असेल तर दुसरीकडे जा. मोठ्या माणसाने विचार करून दिलेली संमती आहे, त्यात कायद्याने नाक का खुपसावं? हा मुद्दा मी हलका मानत नाही. माणसाच्या शब्दाला किंमत असावी, त्याला लहान मूल समजू नये, हे मलाही वाटतं. पण डॉ. आंबेडकरांनी १९४७ मध्ये 'राज्ये आणि अल्पसंख्याक' हे निवेदन संविधान सभेसाठी तयार केलं, त्यात याच युक्तिवादाची तपासणी आहे. ज्याच्या हाताला काम नाही, त्याच्यापुढे काहीतरी काम ठेवा आणि सांगा की संघटनेत जायचं नाही, मनातलं बोलायचं नाही. तो काय निवडेल यात कुणाला शंका आहे का, असं ते विचारतात. जगण्यासाठी तो आपले मूलभूत हक्क सोडून देतो. आणि सरकारचा हात काढून घेतला की जे उरतं त्याला स्वातंत्र्य म्हणतात, पण ती खाजगी मालकाची हुकूमशाही असते, हेही ते तिथेच सांगतात. माझ्या भाचीने "हो" म्हटलं. ती पंचवीस हजारांसाठी आठ महिने अर्ज करत होती. घरात बापाची पेन्शन नाही. टेबलापलीकडच्या माणसाकडे तिच्यासारखे चाळीस बायोडाटा होते. "नाही" म्हटलं असतं तर तो रागावला असता असंही नाही. त्याने हसून "ठीक आहे" म्हटलं असतं आणि फोन आला नसता. ज्या "हो"ची दुसरी बाजूच नाही, त्याला आपण संमती म्हणावं का?

बरं, ती संमती घटकाभर खरी मानली तरी ती देणार कुणाच्या वतीने? पालकसभेत हे सगळ्यात चांगलं सांगितलं ते एका आईने. ती खानावळ चालवते, एरवी बोलत नाही. मुख्याध्यापिकांनी "एवढं काय, पाच मिनिटांचं काम आहे" म्हटल्यावर ती उठली आणि शेजारी बसलेल्या बाईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मॅडम, माझ्या पोरीच्या फोनमध्ये यांच्या पोरीचंबी लिहिलेलं आहे. मी माझ्या पोरीचं देतो म्हटलं, पण यांना विचारलं का तुम्ही?" सभागृह गप्प झालं. खातं एका माणसाच्या नावावर असतं, पण आत पन्नास माणसं बोललेली असतात. माझ्या भाचीच्या मैत्रिणीने त्या कंपनीत अर्ज केला नव्हता. तिने कुठल्या अटी मानल्या नव्हत्या. तिच्या सासरची गोष्ट एका अनोळखी माणसाने ऑफिसच्या एसीत बसून वाचली आणि तिला आजही त्याचा पत्ता नाही. टपाल खात्याच्या १८९८ च्या कायद्यात टपाल कर्मचाऱ्याने कर्तव्य सोडून पत्र फोडलं तर तुरुंगवासाची तरतूद होती. इंग्रज सरकारने आणीबाणीत पत्रं अडवायचा अधिकार स्वतःकडे ठेवला होता, पण पोस्टमनला तो दिला नव्हता. आपण तो एचआरला देऊन बसलो आहोत.

मुलाखतीत "जात कोणती" असं कुणी चारचौघांत विचारत नाही. विचारलं तर निदान लाज तरी वाटते. "लग्न केव्हा करणार, मूल केव्हा" हेही हल्ली जपून विचारतात. खाजगी खात्यात हे सगळं न विचारता मिळतं. कोणत्या जयंतीला फोटो, कोणत्या सणाला कुणाच्या घरी, डोहाळजेवण कधी, कोणत्या मोर्चात, कोणत्या डॉक्टरच्या वेटिंगरूममध्ये. नागपुरात तर एका पांढऱ्या साडीवरून माणूस कोण हे ठरवून मोकळे होतात. "तुमच्याकडचंच का हे?" या तीन शब्दांत त्या माणसाने जे विचारलं, ते मुलाखतीच्या छापील प्रश्नांत असतं तर कंपनी अडचणीत आली असती. निवड झाली म्हणून भेदभाव झाला नाही, असं कुणी म्हणेल. माझ्या भाचीच्या जागी तिची मैत्रीण असती आणि फोन आला नसता, तर तो कशामुळे आला नाही हे कुणी, कसं सिद्ध केलं असतं?

पासवर्डचा भाग तर आणखी सरळ आहे. रिझर्व्ह बँक वर्षानुवर्षं सांगते की पिन, पासवर्ड, ओटीपी कुणालाही देऊ नका, बँकेच्या माणसालाही नाही. सायबर पोलीस शाळाशाळांतून हेच शिकवतात. मग त्याच शाळेच्या ऑफिसात पासवर्ड कागदावर लिहून द्यायला सांगितला, तर मूल काय शिकेल? की खुर्चीवर बसलेल्याने मागितला तर द्यायचा. उद्या त्याला फोन करणारा भामटाही खुर्चीवर बसल्याचंच सोंग आणणार आहे. शिवाय पासवर्ड हातात आला की वाचता येतं तसं लिहिताही येतं. त्यानंतर त्या खात्यावरून काही गेलं, तर ते कुणाचं? मुलाचं की वर्गशिक्षकांचं? शाळेलाही स्वतःच्या बचावासाठी तो कागद नको असायला हवा.

शाळेचा प्रश्न मात्र नोकरीसारखा चटकन निकालात काढता येत नाही. मी एकवीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात शिकवलं आहे. वर्गातल्या एका मुलीचा फोटो बदलून फिरवला गेला, तेव्हा तिने आठ दिवस डबा उघडला नव्हता. ती तिसऱ्या बाकावर बसायची, ते मला दिसत होतं आणि कारण मात्र कळायला नववा दिवस लागला. मुलांचा छळ आता शाळा सुटल्यावर सुरू होतो आणि रात्री दोनपर्यंत चालतो. काही बरं-वाईट झालं तर पहिला मोर्चा शाळेवर येतो, "तुम्ही काय करत होता" म्हणून. पालक स्वतः फोन पाहत नाहीत आणि शाळेने पाहावं अशी त्यांची अपेक्षा असते. या सगळ्यात अडकलेल्या मुख्याध्यापिकेला "अधिकार काय" एवढंच विचारून घरी जाणं हा अन्याय आहे. तिच्या भीतीला उत्तर द्यायला हवं.

ते उत्तर मला त्या मुलीनेच दिलं होतं. नवव्या दिवशी तिने स्वतःचा फोन माझ्यासमोर ठेवला. सगळं त्यात होतं: कुणी पाठवलं, किती वाजता, कुणी हसलं. छळाच्या मेसेजला दोन टोकं असतात आणि एक टोक नेहमी ज्याचा छळ झाला त्याच्या हातात असतं. त्याने विश्वासाने ते आणून दाखवलं की दुसऱ्या कुणाचं खातं उघडायची गरज राहत नाही. बनावट खातं असेल तर ते चालवणारा कोण हे वर्गातल्या चाळीस मुलांचे फोन चाळून कळत नाही. दुसऱ्या नावाने काढलेलं खातं आधीच बंद केलेला मुलगा सगळ्यात शांतपणे फोन दाखवतो. ते शोधायचं काम सायबर पोलिसांचं. त्यांना इन्स्टाग्रामसारख्या कंपनीकडून माहिती मागवता येते, आणि त्यांना कुणाला तरी जाब द्यावा लागतो. केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते, मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. शाळेने करायचं काम याहून अवघड आहे: मूल नवव्या दिवसाऐवजी दुसऱ्या दिवशी येऊन सांगेल असं एक तरी माणूस शाळेत असणं. आता विचार करा, ज्या शाळेने सगळ्यांचे फोन टेबलावर ठेवून घेतले, त्या शाळेत कोणतं मूल स्वतःहून फोन घेऊन येईल? त्या मुलीच्या फोनमध्ये तिने एका मुलाला लिहिलेलं पत्रवजा काहीतरीही होतं. मी ते पाहिलं नाही, तिने मला दाखवलं त्याच्या पुढे बोट नेलं नाही. नेलं असतं तर ती पुन्हा आली नसती, आणि तिच्या मैत्रिणीही आल्या नसत्या.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एका शाळेने हाच रस्ता धरला होता. बारा वर्षांच्या मुलीने शाळेतल्या एका कर्मचारी बाईबद्दल राग फेसबुकवर लिहिला, तोही घरून. शाळेने तिला खोलीत बसवून पासवर्ड द्यायला लावला आणि तिचे खाजगी मेसेज वाचले. २०१२ मध्ये प्रकरण न्यायालयात गेलं, २०१४ मध्ये शाळेने सत्तर हजार डॉलर देऊन ते मिटवलं. आपल्याकडे २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे वसतिगृहाचं प्रकरण आलं. संध्याकाळी सहा ते रात्री दहा मुलींनी फोन जमा करायचे असा नियम, आणि तो न मानणाऱ्या विद्यार्थिनीला वसतिगृहातून काढलेलं. न्यायालयाने इंटरनेट वापरणं हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग मानला आणि तिला परत घ्यायला लावलं. वसतिगृह मुलींच्या भल्यासाठीच तसं करत होतं, यात मला शंका नाही. पण भलं करणाऱ्यालाही दारावर थाप मारावी लागते.

"अमेरिका स्वतः व्हिसासाठी मागते, मग आपल्या कंपनीने मागितलं तर काय बिघडलं," हे हल्ली फार ऐकू येतं, विशेषतः ज्यांच्या घरातलं कुणी एमएससाठी निघालंय त्यांच्याकडून. खरं आहे. २०१९ पासून तिथल्या व्हिसाच्या अर्जात मागच्या पाच वर्षांतली खाती लिहावी लागतात आणि जून २०२५ पासून विद्यार्थ्यांना खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं. मला तेही पटत नाही. निघायच्या आधी रात्रभर बसून जुने फोटो पुसणारी मुलं मी पाहिली आहेत. पण त्याच देशातल्या राज्यांनी नोकरीच्या बाबतीत उलट केलं. मेरीलँडच्या तुरुंग खात्यातल्या एका कर्मचाऱ्याला २०१० मध्ये फेसबुकचा पासवर्ड मागितला गेला आणि समोरच त्याचं खातं वाचलं गेलं. त्यावरून २०१२ मध्ये तिथे कायदा झाला, आणि त्यानंतर वीसहून अधिक राज्यांनी मालकांना असं करायला मनाई केली. त्याआधी, २००९ मध्ये, मोंटाना राज्यातल्या बोझमन शहराच्या प्रशासनाने नोकरीच्या अर्जातच पासवर्डचा रकाना ठेवला होता. लोक चिडले आणि तो काढावा लागला. अमेरिकेचं उदाहरण द्यायचं तर पूर्ण द्यावं.

आपल्याकडे काय आहे? २०१७ चा खाजगीपणाचा निकाल मुख्यतः सरकारला बांधतो. जानेवारी २०२३ मध्ये घटनापीठाने बहुमताने म्हटलं की १९ आणि २१ अनुच्छेदातले हक्क खाजगी व्यक्तींविरुद्धही मागता येतील. चांगलंच आहे, पण पंचवीस हजारांच्या नोकरीसाठी खंडपीठात याचिका कोण घालतं? २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा म्हणतो की संमती मुक्त आणि बिनशर्त असावी. तोच कायदा नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी संमतीशिवाय माहिती वापरायची वाटही मोकळी ठेवतो. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला तो मनाई करतो, पण नोव्हेंबर २०२५ च्या नियमांत शिक्षणसंस्थांना शैक्षणिक काम आणि मुलांची सुरक्षितता यांपुरती सूट आहे. "सुरक्षितता" हा शब्द किती ताणता येतो ते मी त्या पालकसभेत पाहिलं.

कामगार आणि शिक्षण हे दोन्ही विषय समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे महाराष्ट्राला स्वतःचा कायदा करता येतो. दरवर्षी डिसेंबरात विधिमंडळ नागपुरात भरतं, मोर्चे यशवंत स्टेडियमवरून निघतात, आणि आपल्या मागण्यांत रस्ते, धान, संत्री, अनुशेष सगळं असतं. त्यात ही एक घालायला हवी. कायदा दोन पानांचा पुरे. नोकरी देणाऱ्याने वा शिक्षणसंस्थेने खाजगी खात्याचा पासवर्ड मागू नये, ते समोर उघडायला लावू नये, कुणाला त्यात जोडून घ्यायला सांगू नये, ते सार्वजनिक करायला लावू नये. नकार दिला म्हणून नोकरी, बढती, प्रवेश, गुण यांत फरक केला तर दंड. दिलेली संमती बचाव ठरू नये. सार्वजनिक मजकूर पाहायला, कंपनीची उपकरणं तपासायला, आणि पीडिताने स्वतः आणून दिलेला पुरावा घ्यायला आडकाठी नसावी. तक्रार नोकरीतल्यांनी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात करावी, शाळेतल्यांनी शिक्षणाधिकाऱ्यांकडे. त्यासाठी नवीन यंत्रणा उभारायचीही गरज नाही.

भाचीचं प्रोबेशन सहा महिन्यांचं आहे, त्यातले दोन झाले. मागच्या सोमवारी त्याच एचआरच्या माणसाची तिच्या खाजगी खात्यावर फॉलो रिक्वेस्ट आली. तिने स्क्रीन माझ्यासमोर धरून विचारलं, "मावशी, काय करू?" स्वीकारू नकोस, असं मला म्हणता आलं नाही. स्वीकार, असंही म्हणता आलं नाही. तिने फोन पालथा घातला आणि चहा घेतला. रिक्वेस्ट तशीच आहे. ऑफिसात तो तिच्यापासून तिसऱ्या केबिनमध्ये बसतो आणि रोज सकाळी "गुड मॉर्निंग" म्हणतो.